तुटलेला मज्जारज्जू पुन्हा वाढतो का?

मार्च २०२५मध्ये जपानमधली एक बातमी जगभर फिरली. टोकियोच्या केइओ विद्यापीठातल्या हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटानं मज्जारज्जूला जबर इजा झालेल्या चार जणांच्या जखमेत प्रत्येकी वीस लाख पेशी सोडल्या होत्या. या पेशी प्रयोगशाळेत घडवलेल्या. दात्याच्या साध्या पेशी घ्यायच्या, त्यांना मागे नेऊन मूळपेशी म्हणजे स्टेम सेल बनवायचं आणि तिथून पुन्हा चेतापेशी होण्याच्या वाटेवर आणून सोडायचं. ही मागे नेण्याची युक्ती शिन्या यामानाका यांची. त्यासाठी त्यांना २०१२चं नोबेल मिळालं. तर त्या चौघांपैकी एक वयस्कर गृहस्थ वर्षभरानं आधाराशिवाय उभे राहू लागले आणि चालण्याचा सराव करू लागले. दुसऱ्याच्या हातापायांत थोडी हालचाल आली. उरलेल्या दोघांत फारसा फरक पडला नाही. मथळ्यात अर्थातच उभे राहिलेले गृहस्थ आले.

बातमी खरी आहे. पण ती वाचायची कशी, हे समजून घ्यायला हवं. मज्जारज्जूची इजा किती गंभीर आहे हे डॉक्टर ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच पायऱ्यांत मोजतात. ए म्हणजे इजेच्या खाली हालचाल नाही, संवेदना नाही, अगदी गुदद्वारापाशीसुद्धा नाही. ई म्हणजे तपासणीत सगळं पूर्ववत. हे चौघंही ए होते. गोम अशी, की सुरुवातीला ए असलेल्या रुग्णांपैकी काही जण, दहातले एक-दोन तरी, कुठलाही प्रायोगिक उपचार न घेता वर्षभरात एखादी पायरी वर सरकतात. सूज उतरते, दबलेले तंतू पुन्हा कामाला लागतात. ए वरून थेट डी वर, म्हणजे ईच्या अलीकडच्या पायरीवर जाणं मात्र विरळा. उभे राहिलेले गृहस्थ तसे गेले, म्हणून त्यांच्याबद्दल कुतूहल वाटणं रास्तच आहे. तरीही माणसं चार, तुलनेला दुसरा गट नाही आणि पेशी दिल्या त्या इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत, म्हणजे शरीर स्वतःहून सावरत असतं नेमक्या त्याच काळात. उभं राहण्यात पेशींचा वाटा किती आणि शरीराचा किती, हे यावरून सांगता येणार नाही. चाचणी मुळात सुरक्षितता तपासायला होती, आणि त्या परीक्षेत ती पास झाली. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत.

मज्जारज्जूवरच्या इलाजाची कुठलीही बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: नवा तंतू वाढला, की उरलेला तंतू जागा झाला? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांमध्ये त्या सर्रास एक होऊन येतात.

जोडता का येत नाही

आधी एक गोंधळ दूर करू. मणका म्हणजे हाड. मज्जारज्जू त्या हाडांच्या पोकळीतून जातो, मऊसर, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक-दीड सेंटिमीटर जाड. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत राहू शकतो. हाड जुळतं, स्क्रू-प्लेट बसवता येते. या लेखातलं काहीही स्लिप डिस्क किंवा सायटिकासाठी नाही.

रस्ता खोदताना टेलिफोनची जाड केबल तुटली, तर लाइनमन खड्ड्यात उतरून रंग जुळवत एकेक तार जोडतो. मज्जारज्जूचं तसं करता येत नाही, कारण इथली प्रत्येक तार म्हणजे एका जिवंत पेशीचाच लांबलेला भाग आहे. पाय हलवायचा हुकूम देणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर मेंदूत असतं आणि तिचा तंतू तिथून थेट कमरेपर्यंत आलेला असतो. मधेच तो तुटला, की मूळ पेशीपासून अलग झालेला खालचा भाग मरून जातो. जोडायला दुसरं टोक उरतच नाही. वरच्या थोटकाला तिथून कमरेपर्यंतचा सगळा प्रवास नव्यानं करावा लागतो. मानेत इजा असेल तर हे अंतर तीस-चाळीस सेंटिमीटर भरेल. हातापायातली कापलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. त्या वेगानं हिशेब केला, तरी वर्ष उलटतं.

पण हातापायातली नस निदान वाढते तरी. मनगटापाशी कापलेली नस सर्जननं शिवली, तर काही महिन्यांनी बोटांत मुंग्या येऊ लागतात. मेंदू आणि मज्जारज्जूत असं होत नाही. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९२८मध्ये जवळजवळ निकालच देऊन टाकला होता: इथे सगळं मरू शकतं, पुन्हा काहीच उगवत नाही. मात्र हे कायदे बदलायचं काम पुढच्या विज्ञानाचं, अशी पुस्तीही त्यांनीच जोडली होती. ती पुस्ती बहुतेक जण विसरतात.

या निकालाला पहिला मोठा तडा १९८१मध्ये माँट्रियलला गेला. सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा घेतला. त्याचं एक टोक त्यांनी मेंदूच्या बुंध्यात खोचलं, दुसरं खाली मज्जारज्जूत. काही महिन्यांनी पाहिलं, तर जे तंतू एरवी हटत नव्हते ते या तुकड्यातून सुमारे तीन सेंटिमीटर पुढे गेलेले. म्हणजे वाढण्याची ताकद त्यांच्यात होती. अडचण होती ती आजूबाजूच्या ऊतींची. तुकडा संपून तंतू पुन्हा मज्जारज्जूत शिरले, की मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर थांबायचे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच. गेल्या चार दशकांतलं बरंचसं संशोधन त्याच एका निरीक्षणाचा पाठपुरावा करत आलेलं आहे.

अटकाव कोण करतं

पहिला आरोपी सापडला झुरिकमध्ये. तंतूंभोवती मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. त्यात ‘नोगो’ नावाचं प्रथिन असतं आणि ते तंतूला वाढू देत नाही, असं मार्टिन श्वाब यांच्या गटानं दाखवलं. १९८८मध्ये त्यांनी अटकावाचा माग काढला, २००० साली नोगोचं जनुक हाती लागलं. नोगोला निकामी करणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, दिल्यावर उंदीर आणि माकडं बऱ्यापैकी सुधारली. मग माणसं. मानेला इजा होऊन काहीच आठवडे झालेल्या शंभराहून अधिक रुग्णांवर युरोपात रीतसर चाचणी झाली. काहींना खरं औषध, काहींना नुसतं द्रावण, दोन्ही पाठीच्या कण्यातून टोचलेलं. डिसेंबर २०२४मध्ये निकाल छापून आला. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर हातांच्या ताकदीत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. ज्यांची इजा अर्धवट होती, ज्यांचे काही तंतू वाचलेले होते, त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हं दिसली.

छत्तीस वर्षांच्या कामाचा हा निकाल. ‘फसलं’ म्हणून सोडून द्यावा असा तो मला वाटत नाही. जिथे थोडेफार तंतू शिल्लक आहेत तिथेच औषधाला काहीतरी करता येतं, हेच त्यातून पुन्हा दिसलं.

दुसरा आरोपी म्हणजे जखमेचा व्रण. इजेभोवती पेशी दाटीनं जमतात आणि त्यांच्यातून साखरेच्या साखळ्या असलेली प्रथिनं स्रवतात. तंतू तिथवर येऊन अडकतात. २००२मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एका जिवाणूकडून मिळणारं, या साखळ्या कुरतडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, उंदरांच्या जखमेत सोडलं. तंतू पुढे सरकले, पंजांची हालचाल सुधारली. पुढे हेच विकर पाळीव कुत्र्यांना देऊन पाहिलं. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यांची मणक्यांमधली चकती अचानक सरकून मागचे पाय जातात, त्यामुळे या संशोधनात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि ही इजा प्रयोगशाळेत मुद्दाम केलेली नसते. कुत्र्यांमध्ये फायदा दिसला, पण माफक.

व्रण म्हणजे निव्वळ शत्रू, असं बरीच वर्षं धरून चाललं होतं. २०१६मध्ये मायकेल सोफ्रोनिव यांच्या गटानं उंदरांमध्ये व्रण होऊच दिला नाही, तेव्हा तंतू जास्त वाढायच्या ऐवजी उलट मागे राहिले. व्रण दाह पसरू देत नाही आणि वाढत्या तंतूंना काही अंशी आधारही देतो. त्यामुळे आता व्रण उखडण्यापेक्षा तंतूला त्याचा अटकाव जाणवूच नये, असा प्रयत्न चालू आहे. अमेरिकेतल्या जेरी सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारखं, औषध याच तत्त्वावर आहे. ते रोज त्वचेखाली टोचायचं. २०२५मध्ये जुन्या इजा असलेल्या वीस जणांच्या चाचणीत मेंदूकडून हाताच्या स्नायूंपर्यंत जाणारा संकेत वाढलेला दिसला, पायाकडे जाणाऱ्या संकेतात तसा फरक दिसला नाही. संकेत वाढला म्हणजे बोटं चालू लागली असं नव्हे. पण इजेला वर्षं झालेल्या माणसांमध्ये मोजता येण्याजोगं काही हलणं, ही गोष्ट छोटी नाही.

तिसरं कारण पेशीच्या आतलं. वाढ पूर्ण झालेल्या चेतापेशी लांब वाढण्याचा कार्यक्रम बंद करून बसतात. पीटेन नावाचं जनुक काढून टाकलं की उंदरांमध्ये तो पुन्हा सुरू होतो, पण हेच जनुक शरीरात कर्करोगाला आळा घालण्याचं काम करतं. माणसात ते बंद करायला कोण धजावेल?

वाढून जाणार कुठे

समजा तंतू वाढला. तो पोचला कुठे? लोझानच्या ग्रेग्वार कुर्तीन आणि सोफ्रोनिव यांच्या गटांनी २०२३मध्ये याचं उत्तर दिलं. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या उंदरांमध्ये तंतू नुसते इजेपलीकडे नेले तेव्हा चालण्यात काही फरक पडला नाही. एका ठरावीक प्रकारच्या चेतापेशींचे तंतू निवडून, त्यांचं मूळचं ठिकाण होतं तिथवर रसायनांनी खेचून नेले, तेव्हा उंदीर चालले. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवेगार चमकणारे वाढलेले तंतू दाखवणारी छायाचित्रं मी तेव्हापासून जरा हात राखूनच पाहतो. दिशा चुकलेले तंतू वेदना आणि स्नायूंचे आचके वाढवू शकतात, हीही भीती आहेच.

याच कुर्तीन आणि त्यांच्या सहकारी न्यूरोसर्जन जोस्लिन ब्लॉक यांचं दुसरं काम मात्र जास्त गाजलं. मज्जारज्जूच्या आवरणावर विद्युत्‌-पट्टी बसवून कमरेखालच्या भागाला नेमक्या वेळी झटके द्यायचे. २०१८मध्ये काही रुग्ण चालताना दिसले. २०२२मध्ये पूर्ण पक्षाघात झालेले तिघे त्याच दिवशी आधार घेऊन पावलं टाकू लागले. २०२३मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतले संकेत यंत्रानं वाचून थेट या पट्टीकडे पाठवले. चित्रफिती पाहून डोळे भरून येतात. पण यात तुटलेलं काही पुन्हा वाढवलेलं नाही. तपासणीत ए आलेल्या माणसातही पुष्कळदा थोडे तंतू जिवंत असतात. त्यांचा आवाज खालपर्यंत पोचत नसतो इतकंच. विजेमुळे खालचा भाग ऐकायला तयार होतो. शस्त्रक्रिया न करता मानेवर त्वचेवरूनच वीज देणाऱ्या उपकरणाची चाचणी साठ जणांवर झाली, त्यातल्या ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि कामं करण्याची क्षमता सुधारली, आणि डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं त्याला मान्यताही दिली. आजच्या घडीला माणसांमध्ये जे खरोखर बदललेलं दिसतं, त्यातलं बहुतेक या प्रकारातलं आहे.

आणि हातांची सुधारणा ही काही दुय्यम गोष्ट नाही. किम अँडरसन या स्वतः मज्जारज्जूची इजा घेऊन जगणाऱ्या शास्त्रज्ञ. २००४मध्ये त्यांनी ६८१ जणांना विचारलं, की काय परत मिळालं तर आयुष्य सगळ्यात जास्त सुधारेल? मानेला इजा झालेल्यांनी सर्वांत वर हात ठेवले. कमरेखालचं गेलेल्यांनी लैंगिक क्षमता. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांत वरच्या क्रमांकांवर. चालणं पहिलं नव्हतं. दर काही तासांनी कॅथेटर घालणाऱ्याला किंवा दुसऱ्याच्या हातून भरवून घेणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल वाटतं ते बातमीदारांना.

इजेनंतरचे पहिले तास

याबद्दल थोडक्यात, कारण हे पुनर्निर्मितीत बसत नाही, पण महत्त्व मोठं आहे. अपघाताच्या क्षणी होतं ते अर्धंच नुकसान. पुढचे तास आणि दिवस सूज, रक्तस्राव, दाह यांनी वाचलेले तंतूही मरत जातात. मज्जारज्जूवर दाब असेल तर तो २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेनं काढलेला बरा, असं २०१२ सालच्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं. म्हणून अपघातग्रस्ताला मान-पाठ न हलवता उचलणं आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात लवकर पोचवणं याला मोल आहे. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे जबर डोस १९९०नंतर जगभर दिले गेले. फायदा किरकोळ आणि जंतुसंसर्गाचा धोका मोठा, हे दिसल्यावर बऱ्याच ठिकाणी ते मागे पडले.

पेशी, पैसा आणि नाक

भ्रूणापासून मिळवलेल्या मूळपेशींची माणसांवरची पहिली चाचणी २०१०मध्ये अमेरिकेतल्या गेरॉन कंपनीनं सुरू केली. वर्षभरात मोजक्या रुग्णांनंतर ती थांबली. पेशींनी दगा दिला म्हणून नाही, तर पैशाचं गणित बसेना म्हणून. जपाननं २०१८मध्ये उलट टोक गाठलं. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून देण्याच्या उपचाराला तिथे सशर्त परवानगी मिळाली, ती १३ जणांच्या, तुलनेचा गटच नसलेल्या चाचणीवर. जगभरच्या शास्त्रज्ञांनी टीका केली. मला ती रास्त वाटते.

आपल्याकडे नियम स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तरीही ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती दिसतात आणि जमीन विकून पैसे भरणारी कुटुंबंही असतात. खरी चाचणी ओळखायची तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत शोधता येते, नैतिक समितीची परवानगी मागता येते, आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागितले तर तिथेच थांबावं. नोंदणी आहे म्हणजे उपचार लागू पडतो, असाही अर्थ नाही. दरम्यान बेडसोर, आखडलेले सांधे, मूत्रपिंडाचे त्रास सांभाळणारं पुनर्वसन हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी होतं. त्यात मथळा होण्यासारखं काही नसलं तरी जीव वाचतात ते त्यानंच.

नाकातल्या पेशींच्या कहाणीत हे सगळे धागे एकत्र येतात. वास घेणारे तंतू आयुष्यभर नव्यानं उगवत असतात आणि नाकातून थेट मेंदूत शिरतात. त्यांच्यासोबत राहणाऱ्या खास पेशी त्यांना वाट करून देतात. मग याच पेशी मज्जारज्जूत ठेवल्या तर? लंडनचे जेफ्री रेसमन या कल्पनेमागे आयुष्यभर लागले होते. पण मधल्या काळात काही ठिकाणी निवडलेल्या पेशींऐवजी नाकाच्या अस्तराचे तुकडेच जखमेत बसवले गेले. पोर्तुगालमध्ये असं करून घेतलेल्या एका अमेरिकन तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी दुखणारी गाठ सापडली. आत नाकासारखीच ऊती, शेंबडासारखा द्रव बनवत बसलेली. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरनंही अस्तराचा प्रयोग पाच रुग्णांवर केला आणि २००९मध्ये प्रामाणिकपणे छापलं, की फायदा दिसला नाही. असं छापणारे थोडे असतात.

२०१४मध्ये पोलंडमधून मोठी बातमी आली. व्रोत्सवाफचे सर्जन पावेल ताबाकोव यांनी रेसमन यांच्या साथीनं, चाकूहल्ल्यात मज्जारज्जू कापला गेलेल्या एका माणसाच्या मेंदूतल्या गंधकंदातून, म्हणजे वासाचे संकेत पोचतात त्या भागातून, या पेशी काढल्या, वाढवल्या आणि जखमेत टोचल्या. आठ मिलिमीटरच्या फटीवर त्याच्याच पायातल्या नसेचे तुकडे पूल म्हणून ठेवले. तो माणूस पुढे वॉकर धरून चालू लागला. पण तो शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही रोज तासन्‌तास कसून व्यायाम करत होता, आणि चाकूची जखम अपघातातल्या चिरडलेल्या जखमेपेक्षा नीटस असते. श्रेय पेशींचं, पुलाचं की व्यायामाचं, हे एका माणसावरून ठरणार कसं?

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात जेम्स सेंट जॉन यांच्या गटानं २०२५मध्ये हाती घेतलेली चाचणी नेमक्या याच प्रश्नासाठी रचलेली आहे. इजेला वर्ष उलटून गेलेले रुग्ण, त्यांच्याच नाकातल्या पेशींपासून घडवलेले बारीक पूल, शस्त्रक्रियेआधी तीन महिने व्यायाम आणि नंतर आणखी कित्येक महिने तोच कडक व्यायाम. त्यांच्याच बरोबर काही जणांना पेशी न देता फक्त व्यायाम.